हप्त्यावरचा हिमालय

चिंचवडच्या आमच्या सोसायटीत त्यांचं आडनाव आता फक्त मेन्टेनन्सच्या पावतीवर उरलंय. वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'लेहवाले' म्हणतात. लेहला ते गेले एकदाच, पण जाणार जाणार म्हणून आधी दोन वर्षं आणि गेलो होतो म्हणून नंतर आजतागायत ते आमच्या पार्किंगमध्ये लेहलाच असतात.

असा एक लेहवाला हल्ली प्रत्येक सोसायटीत सापडतो. वय पंचेचाळिशीच्या आगेमागे, मुलगी दहावीत, फ्लॅटचं कर्ज निम्मं फिटलेलं, कोलेस्टेरॉल नुकतंच लक्षात आलेलं. एके दिवशी त्याला वाटतं की आपण जगलोच नाही. पूर्वी या वयात माणसं सत्संगाला लागत किंवा लाफ्टर क्लबात जात. आता शोरूममध्ये जातात.

आमचे लेहवाले भोसरीच्या एका कारखान्यात परचेसला आहेत. बोल्टच्या दरातले चाळीस पैसे कमी करून घेण्यासाठी सप्लायरला तीन चहा पाजून चौथ्याला 'बघा बुवा' म्हणणारा हा माणूस. मंडईत मेथीची जुडी सोडून चार पावलं पुढे जायचं आणि हाक आली की परत फिरायचं, हे तंत्र त्यांनी नव्या पिढीलाही शिकवलंय. असा माणूस हिमालयन ४५० मोटरसायकल घेतो, ऑन रोड साडेतीन लाखांची, तेव्हा त्यामागे काहीतरी शास्त्र असणारच. ते शास्त्र म्हणजे भागाकार.

कुठलीही भीतीदायक रक्कम लेहवाल्यांसमोर ठेवा, ते तिला भागत सुटतात. रायडिंगचे बूट बारा हजारांचे. "दहा वर्षं मरण नाही त्यांना. म्हणजे वर्षाला बाराशे, महिन्याला शंभर, दिवसाला सव्वातीन रुपये. सव्वातीन रुपयांत आज काय येतं सांगा?" आपण विचारात पडतो. खरंच काही येत नाही. या हिशोबाने जॅकेट दिवसाला चार रुपयांना पडलं, हेल्मेट अडीचला, आणि बावीस हजारांचे पॅनियर, म्हणजे गाडीला दोन बाजूंनी लटकवायच्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, जवळजवळ फुकट. दहा वर्षं रोज लेहला जायचं एवढंच काय ते बाकी होतं.

गाडी भाड्याने का नाही घेतली, या प्रश्नावरही उत्तर तयार. "मनालीची किंवा श्रीनगरची भाड्याची गाडी लेहपर्यंत चालते. तिथून पुढे खारदुंगला, पँगाँगला लोकल युनियनवाले ती नेऊ देत नाहीत." हे शंभर टक्के खरं आहे. लेहमध्ये उतरलं की तिथल्याच नंबरची गाडी भाड्याने मिळते, हा त्याच माहितीचा उत्तरार्ध मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही.

गाडीच्या किमती तीन होत्या. आईंना सांगितलेली सव्वा लाख, कारण त्यांच्या मनातली फटफटी अजून वीस हजारांवर थांबलेली. वहिनींना दोन वीस. कंपनीतल्या मित्रांना "चारला जातं रे सगळं धरून." खरा आकडा फक्त बँकेला ठाऊक. अठरा हजार फुटांवर जाऊन यायला निघालेला हा वीर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून साडेतीन लाख हा शब्द उच्चारू शकत नव्हता. भीतीलाही आपापले प्रांत असतात.

पहिला अपघात पार्किंगमध्ये झाला. गाडीचं वजन १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिलिमीटर, लेहवाले पाच फूट चार इंच. चवड्यांवर उभं राहून ते गाडी तोलायचे आणि मुलीला फोटो काढायला सांगायचे. तिसऱ्या फोटोला तोल गेला. वेग शून्य, रस्ता कोरडा, रहदारी नाही. वॉचमन आणि दूधवाल्याने मिळून आधी गाडी उचलली, मग मालक. घोटा टम्म सुजला होता. "टाकीला ओरखडा नाही ना?" हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि क्रॅश गार्डने साडेसहा हजार रुपये आजच वसूल केले, हे दुसरं.

विम्याचं प्रकरण याहून सरस. २०१८च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, तो आला. त्यावर झीरो डेप, म्हणजे सुटे भाग बदलताना घसारा कापायचा नाही. त्यावर इंजिनाचं संरक्षण. त्यावर रस्त्यात बंद पडली तर उचलून नेण्याची सोय. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा सक्तीचाच असतो, तो तेवढा यांना खुपला. "हा काढता येईल का?" असं त्यांनी एजंटला विचारलं होतं. स्वतःचा टर्म इन्शुरन्स त्यांनी काढलेला नाही. का, तर काही झालं नाही तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे हप्ता वसूल व्हायचा असेल तर मरायला हवं, आणि परचेसच्या माणसाला हा सौदा एकतर्फी वाटतो. गाडीचा घसारा पूर्ण भरून मिळेल अशी पॉलिसी जवळ होती. पंचेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांचा घसारा बेवारस होता.

अभ्यासात मात्र खोट नाही. लिफ्टमध्ये सापडलात तर सातव्या मजल्यापर्यंत तुमचं विरळ हवेचं शिक्षण पूर्ण. श्रीनगरकडून गेलं तर शरीर हळूहळू सरावतं: जोझिला साधारण साडेअकरा हजार फूट, मग कारगिलला उतार, मग फोटुला साडेतेरा हजार, मग लेह पुन्हा साडेअकरा. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं झोपून राहायचं. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्मा. खारदुंगला वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. हे सगळं ते इतकं बिनचूक सांगतात की चढावर धाप लागणारा हाच माणूस दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्ट वापरतो, हे आपण विसरून जातो.

गाडी झेलमने जम्मूला गेली. रेल्वेत पार्सल करताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि गाडी गोणपाटात गुंडाळावी लागते. लेहवाल्यांनी गोणपाटाखाली आधी घरातली जुनी सोलापुरी चादर गुंडाळली, हँडलला वेगळा पंचा. त्याच गाडीत त्यांचं स्वतःचं तिकीट होतं, आरएसी. पुणे स्टेशनवर पार्सल डब्याशी ते इतका वेळ रेंगाळले की निरोपाला आलेल्या वहिनी शेवटी म्हणाल्या, "अहो, तुम्ही पण पार्सलनेच जा."

प्रवासाची हकीकत मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली आहे. प्रत्येक वेळी घाट अरुंद होत जातात. एक प्रसंग मात्र दरवेळी तसाच सांगतात, म्हणून खरा मानतो. पँगाँगच्या वाटेवर पागल नाला आहे. अशा नाल्यांचं गणित सरळ असतं: सकाळी बर्फ गोठलेलं, पाणी घोट्याएवढं, दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि तोच नाला दगडगोटे घेऊन रस्त्यावरून धावतो. म्हणून दुपारच्या आत ओलांडा, असं तिकडचं पोरही सांगतं. लेहवाले चार वाजता तिथे पोचले. अलीकडे थांबलेल्या ट्रकवाल्याने हात करून सांगितलं, उद्या जा. पण पलीकडे तंबूचं बुकिंग होतं आणि आगाऊ भरलेले बाराशे रुपये परत मिळणार नव्हते.

बाराशे रुपये! मोठ्या रकमेला भागत भागत सव्वातीन रुपयांवर आणणाऱ्या माणसाला ही रक्कम भागता आली नाही. त्यांनी गाडी घातली. मधोमध दगडावर पुढचं चाक सरकलं, गाडी कलली, बर्फाचं पाणी मांडीपर्यंत आलं. त्याच ट्रकवाल्याने क्लीनरला घेऊन उतरून गाडी आणि मालक दोघांना बाहेर ओढलं. लेहवाले ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगतात आणि शेवटी टाळीसाठी हात पुढे करतात. मी टाळी देतो, शेजारधर्म आहे. पण खरं सांगायचं तर त्या ठिकाणी मला हसू येत नाही. त्या उंचीवर माणूस भिजून गारठला, फुप्फुसात पाणी धरू लागलं, तर ऑक्सिजन द्यायचा आणि ताबडतोब खाली न्यायचं, हाच उपाय. आणि खाली नेणारा रस्ता त्या नाल्यातूनच जातो. सव्वातीन रुपये रोजचे बूट त्याच दिवशी कामातून गेले, ते वेगळं.

आता खारदुंगला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं आणि जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता म्हणून लोक तिच्याशेजारी फोटो काढत. नेमक्या मोजणीत ती खिंड १७,५८२ फूट भरते. आमच्या बी विंगमधल्या निवृत्त भूगोलाच्या सरांनी हे लक्षात आणून दिलं तेव्हा लेहवाले व्यथित झाले. "सर, मी पैसे अठरा हजार तीनशे ऐंशीचे मोजलेत." मालात आठशे फूट तूट निघाल्याचं दुःख परचेसवाल्यालाच कळेल.

तर त्या खिंडीत, हेल्मेटवर कॅमेरा चालू ठेवून, लेहवाले दोन्ही हात पसरून उभे होते. थंडी, वारा, प्रार्थनेच्या पताका, श्वास अपुरा. आयुष्याचं सार्थक का काय म्हणतात ते होत असताना मागून आवाज आला, "अहो दादा, गाडी एमएच चौदा दिसतेय, पिंपरी-चिंचवडचेच का तुम्ही?" टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरलेल्या बारा-चौदा आजी. कानटोप्या, त्यावर पदर, पायात कॅनव्हासचे बूट, हातात चिवड्याचं पाकीट. निगडीचा ज्येष्ठ महिलांचा ग्रुप, विमानाने लेहला येऊन दोन दिवस विश्रांती घेऊन शिस्तीत वर आलेला. एकीने मूठभर चिवडा लेहवाल्यांच्या ग्लव्हजवर ठेवला. दुसरीने गाडीला एक फेरी मारली आणि मराठी माणसाला जगाच्या पाठीवर कुठेही पडणारा प्रश्न विचारला.

"केवढ्याला पडली रे बाळा?"

निम्म्या दाबाच्या हवेत माणूस खोटं बोलू शकत नसावा. लेहवाले म्हणाले, "साडेतीन लाख, आजी. सामान धरून पाच." आजी "अगं बाई" म्हणाल्या. कॅमेरा चालूच होता.

त्या वर्षी गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रमात 'माझी लडाख मोहीम' दाखवायचं ठरलं. मुलीने व्हिडिओ जोडून दिला, मागे डफ-तुतारीचं संगीत. लेहवाल्यांनी तो आधी मोबाइलवर पाहिला होता, आवाज बंद करून, ऑफिसात. हॉलमध्ये दोन मोठे स्पीकर होते. आजींचा प्रश्न घुमला, उत्तरही घुमलं. क्षणभर सगळा हॉल पडद्याऐवजी वहिनींकडे बघू लागला. पुढच्या रांगेतल्या आई म्हणाल्या, "कुणाची गाडी म्हणाला रे तो?"

वहिनी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी खिरापतीचा डबा शेजारणीकडे दिला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "साडेतीन नाही. हप्ता आठ हजार सदुसष्ट, छत्तीस महिने, वर डाउन पेमेंट एक लाख. तीन लाख नव्वद हजार चारशे बारा. दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज माझ्या पण मोबाइलवर येतो, खातं जॉइंट आहे. तुम्ही भागत बसा, मी गुणते."

त्याच दिवाळीत वहिनींनी पाटल्या केल्या. हिशोब त्यांनी नवऱ्याच्याच पद्धतीने मांडला: चाळीस वर्षं घालणार, भागून बघा. पुढे वर्षभरात सोन्याने तोळ्याला लाख ओलांडले आणि गाडी चार वेळा पार्किंगबाहेर निघाली, त्यातली एक पीयूसीसाठी.

तरी लेहवाले हरले असं समजू नका. २२ सप्टेंबर २०२५ला साडेतीनशे सीसीच्या वरच्या गाड्यांवरचा कर, सेस धरून ३१ टक्के होता तो, ४० टक्के झाला. त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आमच्या दारात उभे. "तेव्हा घेतली म्हणून नऊ टक्के वाचले. घाई करतो म्हणत होते ना सगळे?" वहिनी आतून म्हणाल्या, "वाचलेले कुठे ठेवलेत तेवढं सांगा." त्यांना ते ऐकू गेलं नाही, कारण त्यांचा आता उमलिंगला खिंडीचा अभ्यास सुरू आहे. १९,०२४ फूट, आणि तिथली उंची मात्र गिनेसवाल्यांनी प्रमाणित केलेली, म्हणजे मालात तूट निघायची भीती नाही. नव्या बुटांची तीन कोटेशन आली आहेत.

तुमच्या सोसायटीतही असा एखादा लेहवाला असेलच. त्याला गाडी केवढ्याला पडली ते विचारू नका, तीन उत्तरं मिळतील. टर्म इन्शुरन्स काढलाय का, तेवढं विचारा, आणि शक्यतो वहिनींच्या समोर विचारा.