पेटीवर कुठलं गाव छापावं? : होतकरू आंबाविक्रेत्यास मार्गदर्शन

छत्रपती संभाजीनगरात आंब्याचा धंदा करायचा तर आंब्याची पारख नसली तरी भागतं, भूगोल मात्र पक्का हवा. गिऱ्हाईक आंबा नंतर खातं, आधी पेटीवरचं गाव वाचतं.

गाव लांबचं निवडावं, शक्यतो समुद्रकाठचं. देवगड उत्तम, रत्नागिरीही चालेल. पैठण, फुलंब्री, कन्नड ही नावं चुकूनही छापू नयेत. तिथे गिऱ्हाइकाचा साडू राहतो, आणि साडूच्या गावच्या मालाला चढा भाव देण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

छपाई सोपी आहे. शहराचं नाव बदलायला राजपत्र लागतं, हे आपण 2023 मध्ये पाहिलं. पेटीवरचं बदलायला छापखाना पुरतो. पेटी मांडण्याआधी मात्र तळाचा कागद बघून घ्यावा. फळांखाली कानडी वर्तमानपत्र निघालं तर गुपचूप काढून ‘लोकमत’ अंथरावा. देवगडकर सकाळी चहासोबत कानडी पेपर वाचतात, हे पटवणं जड जातं. वरच्या थरात एकसारखी, पिवळीधमक फळं. खालच्या थरात देवाची मर्जी. एखादी चोखंदळ बाई म्हणालीच, ‘‘काका, साल जाड लागते हो,’’ तर ‘‘यंदा ऊन फार होतं, ताई’’ म्हणावं. मराठवाड्यात हे कारण कधी खोटं ठरत नाही.

हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढेच जिल्हे आहेत. घाबरू नये. मानांकनाचं कार्यालय चेन्नईत आहे, आपली हातगाडी शहागंजात. देवगडच्या उत्पादकांनी 2025 च्या हंगामात फळाफळावर कोडचं स्टिकर आणलं, तेवढं जरा जपावं.

खरा पेच केसरचा. हा आंबा लांबट, खाली चोच असलेला. हापूस म्हणून कुणाच्या गळी उतरत नाही. त्यावर ‘गीर केसर’ छापावं. 1934 मध्ये जुनागढच्या नवाबानं त्याला केसर हे नाव दिलं म्हणतात. एवढा किस्सा रंगवून सांगितला की डझनाचा भाव आपोआप चढतो. (नवाबी थाट आपल्याकडेही होता, पण निजामाचं नाव घेऊन इथे आंबा खपत नाही.)

आता एक गोष्ट कुणाला सांगू नका. मराठवाडा केसरला 2016 पासून स्वतःचं मानांकन आहे. जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळालाही. म्हणजे इथल्या बागायतदाराला रीतसर नोंदणी करून स्वतःच्या मातीचं नाव फळावर लावता येतं. गिऱ्हाइकाला हे कळलं तर ते थेट बागेत जाईल, आणि गावाच्या नावाचे पैसे त्या गावालाच मिळतील. मग आपण काय विकायचं?

राहता राहिला कायदा. 1999 च्या कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला किमान 6 महिने कैद आणि किमान 50 हजार रुपये दंड आहे. ‘मराठवाडा केसर’ असं खरं छापणाऱ्याला कायद्यानं शिक्षा नाही. ती गिऱ्हाईकच देतं, डझनामागे कमी भाव देऊन.