मागून डावीकडून येणारा आवाज

जिप्सीवाल्याला ‘गाडी कशी आहे?’ असं कधी विचारू नये. ‘चालू आहे ना अजून?’ असं तर मुळीच विचारू नये. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाऊण तास चालतं आणि दुसऱ्यानं माणूस दुखावतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याची जागा लांबून ओळखू येते. तिथं टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला असतो आणि त्यावर ऑइलचे डाग असतात. बाकीच्यांच्या गाड्यांखाली पुठ्ठा नसतो. त्यावरून जिप्सीवाला एवढाच निष्कर्ष काढतो, की आपल्या गाडीतून काय गळतंय याची या लोकांना फिकीर नाही.

वय पन्नाशीच्या पुढं. नोकरी बँकेत, नाहीतर चाकणच्या एखाद्या कारखान्यात बऱ्यापैकी हुद्द्याची. घरात दुसरी एक सभ्य, एसीवाली गाडी असते. ती बायको चालवते, आणि तिचं सर्व्हिसिंग शेवटचं कधी झालं हे त्याला सांगता येत नाही. जिप्सीचं मात्र विचारा. 1985 साली ती भारतात आली तेव्हा हा शाळेत होता आणि वहीच्या मागच्या पानावर तिचं चित्र काढत होता. तेव्हा इंजिन 970 सीसीचं होतं, 1996 मध्ये 1298 सीसीची ‘किंग’ आली, आणि आपली गाडी ‘किंग’ आहे हे तो आडनाव सांगावं तसं सांगतो. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत जाऊन पुनर्नोंदणी करणं, पर्यावरण कर भरणं ही कामं तो रजा टाकून करतो. मुलीच्या शाळेच्या पालकसभेला त्याला रजा मिळत नसे.

या गाडीला चारही चाकांना पाटे. परदेशातल्या तिच्या भावंडांना नव्वदच्या दशकात कॉइल स्प्रिंगा मिळाल्या, आपली जिप्सी मात्र शेवटपर्यंत पाट्यांवर राहिली. त्यामुळं रस्त्यावर एक रुपयाचं नाणं पडलेलं असेल तर छापा आहे की काटा हे मागच्या बाकावर बसलेल्याला मणक्यातून कळतं. जिप्सीवाला ही तक्रार मानत नाही. ‘हिला रस्त्याशी बोलायची सवय आहे,’ म्हणतो. 2023 मध्ये कॉइलवाली जिम्नी आली, ती त्यानं चालवून पाहिली आणि उतरल्यावर एकच शब्द बोलला : ‘सोफा.’

तर अशा माणसाला एका शनिवारी ताम्हिणीहून परतताना मागून डावीकडून ‘टक्’ असा आवाज येतो.

ज्या गाडीत दारं, ताडपत्री, हूक, टूलबॉक्स आणि मेव्हणा हे सगळे एकाच वेळी वाजत असतात, तिच्यात हा नवा ‘टक्’ त्याला कसा ऐकू येतो, देव जाणे. पण येतो. तो गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो, आणि आवाज ‘टक्’ होता की ‘ठक्’, यावर सगळ्यांची साक्ष काढतो. ‘टक्’ असेल तर बुश, ‘ठक्’ असेल तर शॉकअप. मेव्हण्याला आडव्या बाकावरून सरकवून डाव्या चाकाच्या वर कान लावायला बसवतात आणि तोच खड्डा पुन्हा घेतात. मेव्हणा म्हणतो, ‘माझं डोकं आपटलं त्याचा आवाज वगळला तर काही नाही.’

उतरल्यावरची तपासणी बघण्यासारखी असते. खराब रस्त्यावर तास-दोन तास पळालेल्या गाडीचे शॉकअप गरम लागले पाहिजेत. जिप्सीवाला चिखलात गुडघे टेकून गाडीखाली जातो आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा एकेका नळीला पालथा हात लावून बघतो. तीन गरम, एक थंड. थंड म्हणजे गेलेला. वरच्या कडेवरून ऑइल ओघळून त्यावर धूळ बसली आहे, तेही बोटावर घेऊन तो सगळ्यांना दाखवतो. अंगाशी आलेलं दुःख असतं, पण निदान बरोबर निघाल्याचा आनंद चेहऱ्यावर लपत नाही.

यापुढचे काही आठवडे त्याच्या वाटेला जाऊ नये. लग्नाच्या पंगतीत तो शेजारच्याला समजावत असतो, की शॉकअप गाडीचं वजन पेलतो हा लोकांचा गैरसमज आहे. वजन पाटे पेलतात. खड्ड्यात पाटा दबतो, मग उसळतो, मग पुन्हा दबतो, आणि आवरला नाही तर असाच नाचत राहतो. ती उसळी आवरणं एवढंच शॉकअपचं काम. नळीत ऑइल, ऑइलमध्ये दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. दट्ट्या खाली-वर झाला की ऑइलला त्या भोकांतून रेटारेटी करत जावं लागतं, त्यात ते तापतं, आणि खड्ड्याची मस्ती अशी उष्णतेत जिरते. हे तो मठ्ठ्याच्या पेल्यात चमचा खाली-वर करून दाखवतो. मठ्ठा शेजारच्याच्या झब्ब्यावर उडतो. त्यावर जिप्सीवाला शांतपणे म्हणतो, ‘बघा, झडप नसली की असं होतं.’

बोनेट दाबून सोडायची आणि गाडी किती वेळा डुलते ते मोजायचं, ही सर्वमान्य चाचणी जिप्सीवर चालत नाही, कारण पाटे इतके कडक की एका माणसानं दाबून ती दबतच नाही. म्हणून तो सोसायटीतल्या दोन भरदार गृहस्थांना मागच्या बंपरवर उभं करतो आणि ‘एकदम उतरा’ म्हणतो. त्यांतला एक उतरतो, दुसरा विचार करतो. चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

मग खरेदी. शॉकअप एकटा बदलायचा नसतो, एका ॲक्सलचे दोन्ही बदलायचे, नाहीतर एक बाजू आवरते आणि दुसरी उंडारते. हे खरंच आहे. पण मागचे नवे आणि पुढचे जुने हेही त्याला बघवत नाही, म्हणून चार. चारांबरोबर रबरी बुश, शॅकलच्या पिना आणि हात घातलाच आहे तर यू-बोल्ट. नाना पेठेतला दुकानदार ‘गॅब्रिएल देऊ का, साहेब?’ म्हणून मोकळा होतो, तर हा त्याला ती कंपनी 1961 सालची आहे हे सांगतो आणि ऑइलचा घ्यावा की गॅसचा, यावर काउंटर अडवून उभा राहतो. उसळीत ऑइलला फेस येतो आणि फेस आला की शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजनच्या दाबाखाली तो फेस कमी होतो. दुकानदार तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं वाटेला लावतो. घरी किंमत सांगताना जिप्सीवाला एका नगाची सांगतो. नग किती, हे बायको रिकामी खोकी मोजून काढते.

बसवायचं काम तसं पाहिलं तर तासाभराचं. वर एक नट, खाली एक नट. पण खालच्या नटानं कित्येक पावसाळे भिजून बोल्टशी लग्न लावलेलं असतं. आदल्या रात्री त्याला रॉकेल पाजलेलं असतं, सकाळी फवारा मारलेला असतो, पान्याला हातभर पाइप लावून जिप्सीवाला स्वतः त्यावर लोंबकळलेला असतो. नट हलत नाही, पाइप वाकतो. मिस्त्री बाजूला बसून चहा पीत हे सगळं बघतो, कारण साहेबांची हौस आधी फिटू द्यायची असते. चहा संपला की तो ग्राइंडर आणतो, ठिणग्या उडतात आणि नट दोन तुकड्यांत जमिनीवर पडतो. त्यातला एक तुकडा जिप्सीवाला पुसून खिशात ठेवतो.

गॅसच्या शॉकअपची पट्टी कापली की दांडा आपला आपण हळूहळू बाहेर येतो. ते बघायला गॅरेजातली पोरं जमतात आणि जिप्सीवाला सुईणीच्या अधिकारानं त्यांना मागं सारतो. खरा वाद पुढंच असतो. रबरी बुशाचे नट गाडी जॅकवर असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकं जमिनीला टेकून वजन आलं की मगच आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं. मिस्त्री ‘हो साहेब’ म्हणतो आणि आवळतो. जिप्सीवाला गाडी उतरवून घेतो, खाली शिरतो, सगळे नट ढिले करतो आणि पुन्हा आवळतो. मजुरी मिस्त्री पूर्ण घेतो.

त्याच रविवारी पानशेत रस्त्याला चाचणी. गाडी खड्ड्यात जाते, एकदा उठते, बसते, गप्प होते. मेव्हणा चक्क डुलकी काढतो. जिप्सीवाल्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला हवं, तर तो अस्वस्थ. आतापर्यंत सगळ्या गदारोळात दबलेला एक बारीक ‘किर्र’ आता पुढून, बहुधा उजवीकडून, स्वच्छ ऐकू येऊ लागलेला असतो.

जुने चारही शॉकअप, ‘त्यातले तीन अजून चालतील’ म्हणून, वर्तमानपत्रात गुंडाळून गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागं ठेवले जातात. त्याच आठवड्यात घरातलं वॉशिंग मशीन कपडे पिळता पिळता धडधडत मोरीतून पॅसेजपर्यंत चालत येतं. गेलं वर्षभर ते येतच असतं.

‘अहो, जरा बघता का?’

‘कंपनीचा माणूस बोलाव. त्यातलं आपल्याला काय कळतंय?’

कंपनीचा माणूस येतो, मशीन आडवं करतो, टबाखाली हात घालून एक नळी ओढून बघतो. ती विनातक्रार आत-बाहेर होते.

‘शॉकअप गेलेत, मॅडम. जोडीनं बदलावे लागतील.’

बायको किंमत विचारत नाही. ती विचारते, ‘जुने तुम्ही घेऊन जाल ना?’