तर्जनी 14 टक्के

अंगठा 30 टक्के. तर्जनी 14. मधलं बोट 12. करंगळी 7. एका हाताची चारही बोटं गेली तर 50. हे दर 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टातले आहेत. अवयव गेल्यावर माणसाची कमावण्याची ताकद किती टक्के गेली, ते त्यात ठरवून दिलेलं आहे.

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या एखाद्या छोट्या शॉपमध्ये प्रेसवर उभ्या असलेल्या पोराला हे आकडे माहीत नसतात. एका हाताने पत्रा डायखाली सरकवायचा, पाय पेडलवर, दुसऱ्या हाताने तयार नग बाजूला काढायचा. कित्येक ठिकाणी सेन्सर बंद करून ठेवलेला असतो, कारण तो चालू असला की माल कमी निघतो. बोट गेलं की पहिला प्रश्न येतो, गार्ड कोणी काढला? तो प्रश्न उगाच येत नाही. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला असं सिद्ध झालं, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकीच्या इजांची भरपाई द्यायला मालक बांधील राहत नाही. मालाची घाई मालकाची आणि पुराव्याची लढाई बोट गेलेल्याची!

यावरचा इलाज आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. प्रा. बी. पी. अदारकरांनी 1944 मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्यातूनच पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि 1952 मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. ही योजना म्हणजेच ईएसआय. दरमहा वर्गणी भरायची, आणि इजा झाली तर पैसे महामंडळाकडून घ्यायचे. मालक दिवाळखोर असो की बनेल, कामगाराला त्याच्या दारात उभं राहावं लागत नाही.

पण या छपरात मोठं भोक आहे. ईएसआयची पगारमर्यादा 2017 पासून 21,000 रुपये आहे. महिना 20,000 कमावणाऱ्या पंचवीस वर्षांच्या पोराची तर्जनी गेली, तर त्याला आयुष्यभर महिन्याला सुमारे 2,500 रुपये मिळतात. त्याच्या शेजारच्या प्रेसवरच्या पोराला पगारवाढ मिळून 22,000 झाले, म्हणून तो विम्याबाहेर गेला. त्याला भरपाई 1923 च्या जुन्या हिशेबाने. आणि त्या हिशेबात पगार कितीही असला तरी 15,000 च धरायचा, असं 2020 च्या जानेवारीतली अधिसूचना सांगते. म्हणजे एकरकमी पावणेतीन लाखांच्या आत. तीही मालकाने दिली तर, नाहीतर न्यायालयाच्या तारखा. विमा काढून घेताना हा माणूस जास्त कमावणारा, आणि भरपाई मोजताना कमी कमावणारा. दोन्ही रेघा सरकारनेच मारल्या आहेत आणि दोन्हींखाली दबतो तो एकच माणूस. याला कायदा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरं भोक डोकी मोजण्याचं. दहा कामगार असले तर विमा बंधनकारक. मग हजेरीपटावर नऊच नावं दिसतात, बाकीचे ठेकेदाराचे. आणि नोंदणीची तऱ्हा अशी की कित्येकांचा विमा क्रमांक अपघातानंतर तयार होतो. आधी बोट तुटतं, मग कार्ड येतं. कामगारांमध्ये काम करणाऱ्या संस्था हे वर्षानुवर्षं लिहून दाखवत आहेत.

या जुन्या कायद्यांच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात चांगलं आहे, ते मोकळेपणाने सांगतो. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही आता धरला जाईल. धोक्याच्या कामात एकच कामगार असला तरी सरकार विमा लागू करू शकतं. मालकाने नोंदणी केली नसेल, तर महामंडळाने आधी कामगाराला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, ही सोयही आहे. या सोयींचा उपयोग कामगाराला तेव्हाच, जेव्हा सरकार अधिसूचना काढेल आणि महामंडळ वसुलीला खरोखर दारात जाईल. प्रेस शॉपचं काम धोक्याच्या यादीत घाला. पगारमर्यादा महागाईला बांधा, दर वर्षी आपोआप वाढू द्या. ती ओलांडली म्हणून इजेचा विमा कोणाचाच काढून घेऊ नका. औषधपाण्याच्या विम्याचं काय करायचं ते नंतर बसून ठरवा.

आणि गाड्यांच्या कंपन्यांनो, तुम्हालाही सांगायचं आहे. अशा छोट्या शॉपमधून, व्हेंडरकडून आलेला नग तुम्ही मायक्रॉनमध्ये मोजता, केसभर फरक पडला तर अख्खा लॉट परत पाठवता. तो नग कोणाच्या हातून निघाला आणि त्या हाताचा विमा आहे का, हे विचारायला तुम्हाला कुठलीही नवी यंत्रणा लागणार नाही. पुढच्या बिलासोबत विमा क्रमांकांची यादी मागा, ठेकेदाराच्या माणसांसकट. यादी आली नाही तर बिल अडवून ठेवा.