पुष्पदर्शनाचा जबाब

१९३१ साली कामेत शिखर सर करून परतणाऱ्या फ्रँक स्माइथला गढवालातील जी पुष्पदरी केवळ योगायोगाने गवसली, तिच्या दर्शनार्थ आमच्या मंडळींनी ऐन श्रावणात घांघरियाची खडी चढण धापा टाकीत पार केली. धापा अर्थात खेचरांच्या. पुढे खेचरांस मज्जाव असल्याने परवाना खिशात जपत, स्वतःच्या पायांविरुद्ध तक्रार करीत दरीत पोहोचताच सर्वांनी फुलांकडे पाठ फिरविली, कारण छायाचित्रात फुलांसमवेत आपले मुखकमलही उमटावयाचे तर ते क्रमप्राप्तच होते. परतीच्या वाटेवर फुलांच्या नावांविषयी तहकिकात करता सर्वांचे जबाब परस्परविसंगत निघाले. न्याहारीस पोहे नव्हते, या फिर्यादीवर मात्र विनातक्रार एकमत झाले.