शेवटची वीतभर वाट

नातवाच्या वाढदिवसाला आलेलं हेलिकॉप्टर तिसऱ्याच दिवशी माझ्या मालकीचं झालं. त्यासाठी सातबारा बदलावा लागला नाही की तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागल्या नाहीत. पहिल्या दिवशी ते पंख्याला धडकलं, दुसऱ्या दिवशी वरणाच्या पातेल्यात उतरलं आणि तिसऱ्या दिवशी नातवाचं मन त्याच्यावरून उडालं. त्या तीन दिवसांतलं तेच काय ते सफाईदार उड्डाण. सुट्टी संपवून नातू पुण्याला गेला. हेलिकॉप्टर मात्र शिरूरला राहिलं, फडताळावर, समईच्या शेजारी, नाक भिंतीकडे करून, पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखं. वीतभर लांबीचं, हळदीच्या रंगाचं, डोक्यावर एकावर एक असे दोन पंखे. येता-जाता माझी त्याच्याशी नजरानजर होऊ लागली. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. न्यूटनचा तिसरा नियम तर फळ्यावर इतक्या वेळा लिहिला की खडू आपोआप चालायचा. पण तो नियम कधी माझ्या घरी राहायला येईल, असं वाटलं नव्हतं.

सुरुवात करायची म्हणजे बटण दाबायचं, असा माझा भाबडा समज होता. या यंत्राला मानपान लागतो. आधी रिमोट चालू करायचा आणि त्याची डावी दांडी पार खाली ओढून ठेवायची. मग हेलिकॉप्टर सपाट जागी ठेवून त्याचं बटण सरकवायचं आणि हात मागे घेऊन क्षणभर गप्प राहायचं. त्या क्षणात आतला चिमुकला जायरो ‘न हलणं म्हणजे काय’ हे मनाशी ठरवून घेत असतो. मला हे ठाऊक नव्हतं. मी ते तळहातावर धरून चालू केलं. साठीनंतर माझा हात किंचित थरथरतो. बिचाऱ्या जायरोनं त्या थरथरीलाच स्थिरता मानलं आणि मग सगळ्या बैठकीच्या खोलीत ते स्वतःभोवती संथ गिरक्या घेत फिरलं, आरतीत घुमणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. जमिनीवर ठेवून पुन्हा सुरू केलं तेव्हा गिरक्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. त्या थांबवायला रिमोटवर ट्रिमची एक छोटी खुंटी असते. तंबोऱ्याचा मणी सरकवावा तशी ती कणाकणानं सरकवायची. हेलिकॉप्टर डावीकडे वळत असेल तर खुंटी उजवीकडे. एवढं साधं. तरी मला तीन संध्याकाळी लागल्या, कारण मी दर वेळी गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करत होतो. ही खोड माझी फार जुनी आहे. पेपर तपासतानाही होती.

खोली अपुरी वाटू लागली तेव्हा मी यंत्र घेऊन गच्चीवर गेलो. सकाळचे दहा, लख्ख ऊन. दांडी वर केली, पंखे फिरले आणि पुढच्या क्षणी हेलिकॉप्टर बहिरं झालं. मी डावीकडे म्हणावं, त्यानं ढिम्म असावं. मी थांब म्हणावं, त्यानं शेजाऱ्यांच्या वाळवणाकडे निघावं. सेल बदलले, रिमोट झटकला, दोन शब्द सुनावले. मग ज्या मुलांना मी वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे न दिसणारा प्रकाश असतो असं शिकवलं, त्यांची क्षमा मागावीशी वाटली. हा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखाच अवरक्त प्रकाशात बोलतो आणि उन्हात तो प्रकाश मुळातच ओसंडून वाहत असतो. यात्रेच्या लाउडस्पीकरांत कुणी कानाशी कुजबुजावं, तशी माझी आज्ञा त्या उन्हात विरून जात होती. तेव्हापासून आमची वेळ ठरली ती दिवेलागणीची. शेजारी तोपर्यंत पापड काढून नेतात, घोडनदीवरचा वारा पडतो, आणि शेजारच्या गच्चीवरची पोरं ‘सर, उडवा’ म्हणून कठड्याला लटकतात.

ही पोरं हेलिकॉप्टरला हेलिकॉप्टर म्हणतात यात नवल नाही. आम्ही लहानपणी चतुराला हेलिकॉप्टर म्हणायचो. पावसाळा सरताना दौंडच्या रेल्वे वसाहतीमागच्या गवतावर चतुरांचे थवे यायचे आणि आम्ही पोरं दबक्या पावलांनी जाऊन त्यांची शेपटी चिमटीत धरायचो, तिला दोरा बांधायचो आणि दोरा धरून मिरवायचो. आज आठवलं की बोटांना अपराधी वाटतं. पुढे कळलं की अमेरिकेत इगोर सिकोर्स्कीनं १४ सप्टेंबर १९३९ रोजी आपलं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा जमिनीवरून उचललं, तेव्हा तेही जमिनीला दोरांनी बांधलेलं होतं. डोक्यावर हॅट घालून हा गृहस्थ त्या उघड्या सांगाड्यात बसला आणि एवढासा वर उठून पुन्हा खाली आला. तेव्हा माझा अपराध थोडा हलका झाला. उडणाऱ्या गोष्टीला दोरा बांधावासा वाटणं ही केवळ दौंडच्या पोरांची दुष्टाई नव्हती तर.

एके दिवशी पंखे घरघर करू लागले, वेग धरेनात. मोटार जळाली असं मी जाहीर केलं. हिनं चष्मा लावला, देवघरातल्या निरांजनाशी ते यंत्र उलटं धरलं आणि म्हणाली, “अहो, केस अडकलाय.” दांड्याच्या मुळाशी एक लांब पांढरा केस गुंडाळून बसला होता, रेशमाच्या लडीसारखा घट्ट. माझ्या डोक्यावर केस उरलेले नसल्यानं चौकशीची गरज नव्हती. तिनं सुईच्या टोकानं तो एकेक वेढा सोडवत काढला. मी दिवा धरून उभा होतो. हा केस काळा होता तेव्हा मी तो कधी एवढ्या जवळून पाहिला होता का, हे मला आठवेना. तिनं तो बोटाला गुंडाळून टाकून दिला आणि म्हणाली, “आता बघा.” पंखे चतुराच्या पंखांसारखे झर्रकन फिरले.

बॅटरीचं आणि माझं तर सहज जमलं. तिचा स्वभाव दुपारच्या झोपेसारखा आहे. सहा-सात मिनिटं उडायचं आणि पाऊण तास निजायचं. उडून आल्या आल्या, अंग तापलेलं असताना तिला चार्जरला लावायचं नाही. आधी निवू द्यायचं. पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने फडताळावर ठेवायचं नाही, नाहीतर ती पुन्हा जागीच होत नाही. आणि पुरीसारखी फुगलेली दिसली तर मोह सोडून निरोप द्यायचा, कारण लिथियमची पुरी पेट घेते. ३.७ व्होल्टच्या त्या इवल्या पुडीकडून मी जे पथ्य शिकलो, ते डॉक्टरांनी दहा वर्षं सांगून मला पटलं नव्हतं.

पुढचा टप्पा हा पतनाचा होता. मी पुण्याला पेन्शनच्या कामासाठी गेलो आणि दुसरं हेलिकॉप्टर घेऊन आलो. हिला किंमत निम्मी सांगितली. ती चाळीस वर्षं माझ्याशी संसार करते आहे. तिनं मनातल्या मनात दुप्पट करून घेतली. हे नवं यंत्र खऱ्यासारखं, डोक्यावर एकच मोठा पंखा असलेलं. आधीच्या हळदीच्या हेलिकॉप्टरवर दोन पंखे उलटसुलट फिरायचे आणि एकमेकांचा पीळ मोडायचे, समजूतदार नवराबायकोसारखे. इथं पंखा एका दिशेला फिरला की न्यूटनसाहेब सगळं धड उलट्या दिशेला फिरवू बघतात आणि शेपटीवरचा छोटा पंखा जन्मभर त्यांच्याशी भांडत राहतो. नवशिक्यानं त्याच्या पायांना चार काड्यांची फुली बांधायची आणि टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावायचे, म्हणजे ते कलंडत नाही. तशा अवतारात ते नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं दिसतं, चारी पाय फाकून उभं राहणारं आणि आपल्याला पाय आहेत याचंच आश्चर्य वाटणारं. जमिनीलगत ते विलक्षण डुगडुगतं, कारण त्याचाच वारा जमिनीवर आपटून त्याच्याच पायांत येतो. मी घाबरून ते खालीच ठेवायचो आणि ते आणखी घाबरायचं. खरा उपाय आहे तो अंगावर काटा आणणारा: कमरेएवढं वर न्यायचं. तिथं स्वतःचा गोंधळ खाली राहतो आणि यंत्र शांत होतं.

पहिला पाय तिसऱ्या दिवशी मोडला. मला पाबळ आठवलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं करत करत शिकायचं म्हणून. पुढे २००२ मध्ये तिथं फॅब लॅबही आली. आमच्या शाळेची सहल तिथं नेली होती. त्याच गावात मस्तानीची कबर आहे, त्यामुळे मुलांनी एका दिवसात वेल्डिंग आणि मस्तानी दोन्ही पाहिली आणि निबंधात दोन्हींची सरमिसळ केली. मी तेव्हा तिथल्या मुलांचे काजळलेले हात पाहून कौतुकानं मान हलवली होती आणि माझे स्वतःचे हात खिशात ठेवले होते. आता खराट्याची एक काडी घेतली, सुरीनं तासली, दोऱ्यानं आवळली, वर डिंकाचा थेंब दिला. पाय वाकडा झाला, पण माझा झाला.

शेपूट माझ्याकडे असताना मला जमू लागलं. त्याचं डावं ते माझं डावं. पण हेलिकॉप्टर वळून तोंड माझ्याकडे करून उभं राहिलं की सगळं जग आरशात जायचं. डावीकडे म्हणावं तर ते उजवीकडे, आणि घाबरून आणखी डावीकडे म्हणावं तर आणखी उजवीकडे, थेट तुळशीवृंदावनात. पाच-सहा वेळा तुळस बचावली तेव्हा एका संध्याकाळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, “हे तर दौंड झालं.”

दौंड ज्यांनी रेल्वेतून पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडला यायची आणि पाठ फिरवायची. वर्षानुवर्षं तिथं इंजिन पुढून काढून मागच्या टोकाला जोडत. खिडकीशी, वाऱ्याला तोंड देऊन ऐटीत बसलेला प्रवासी चहा पिऊन पाहतो तर आपण उलटे निघालेलो. गाडी योग्य दिशेलाच चाललेली असते. चुकीच्या तोंडाला फक्त हा बसलेला असतो. ही दौंड-मनमाड वाट १८७८ साली सुरू झाली. तिकडे अमेरिकेत त्याच वर्षी एक पाद्री बाप प्रवासातून घरी परतताना आपल्या दोन मुलांसाठी बुचाचं, बांबूचं नि कागदाचं, रबराच्या पिळानं उडणारं एक खेळणं घेऊन आला. फ्रान्समधल्या आल्फाँस पेनोच्या कल्पनेवरून केलेलं ते हेलिकॉप्टर. थोरला विल्बर अकरा वर्षांचा, धाकटा ऑर्व्हिल सात. राइट बंधूंनी ते मोडेपर्यंत खेळलं आणि मोडल्यावर स्वतः तसंच नवं केलं. माझ्या नातवात आणि त्यांच्यात एवढाच फरक, की माझ्या घरी मोडल्यावर आजोबा खेळायला लागले.

माझे वडील, म्हणजे दादा, दौंडला सांधेवाले होते, कागदोपत्री पॉइंट्समन. इंजिन तोडणं आणि जोडणं हे त्यांचं काम. मुंबई, मद्रास, मनमाड अशी गावं दिवसभर त्यांच्या पुढ्यातून जायची आणि ते मात्र फलाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत राहायचे. रात्रपाळीला मी कधी त्यांचा डबा घेऊन जायचो. इंजिन डब्याकडे मागे येत असायचं, प्रचंड, काळं, वाफेत बुडालेलं, आणि दादा हिरवा कंदील सावकाश हलवत त्याला बोलावत असायचे, गोठ्यात म्हैस आणावी तसं. शेवटची वीतभर वाट उरली की कंदील इतका हळू हलायचा, की तो हलतोय असं फक्त मला आणि ड्रायव्हरला कळायचं. मग एक ‘टक्’. दादा म्हणायचे, फलाटावरच्या गलक्यानं प्रवाशाला जाग येत नाही, धक्क्यानं येते. पहाटे ते घरी आले की आई डोळे न उघडता विचारायची, “जोडलं का इंजिन?” आणि दादा पायातले बूट काढत म्हणायचे, “जोडलं. कुणी उठलं नाही.” या दोन वाक्यांवर त्यांचा संसार झाला.

हेलिकॉप्टरचं गुपित मला त्या कंदिलात सापडलं, असं म्हटलं तर फार होईल. पण मी दांडी ढकलणं सोडलं आणि बोटानं तिला नुसतं सुचवू लागलो. तोंड माझ्याकडे असेल तर ज्या बाजूला ते कलतंय त्याच बाजूला दांडी न्यायची, पडणाऱ्या माणसाखाली हात धरावा तशी. हवेत एका जागी उभं राहणारं हेलिकॉप्टर लांबून अगदी निवांत दिसतं, पण रिमोटवरची बोटं एक क्षण स्वस्थ नसतात. दादाही लांबून नुसते उभेच दिसायचे.

परवा दुपारी वीज गेली. पंखा बंद, खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. ही दिवाणावर आडवी झाली होती. दिवाणाला चिकटून तिच्या पायांशी एक स्टूल आहे. निवडणुकीच्या दिवसांत मैदानावर चुन्यानं काढतात तसा इंग्रजी एच मी त्यावर खडूनं काढलाय, आणि गुरुवारी हिनं त्याच्या चारी कोपऱ्यांत रांगोळीचे ठिपके दिलेत. मी जुनं हळदीचं हेलिकॉप्टर काढलं. ते खोलीभर एक संथ फेरी मारून आलं. आवाजाची हिला सवय झाली आहे. स्टुलाच्या वर ते थांबलं. मी दांडी सोडू लागलो, कणभर, आणखी कणभर. शेवटची वीतभर वाट उतरायला किती वेळ लागला कोण जाणे. एक ठिपकाही न विस्कटता पाय टेकले. टक्.

डोळे न उघडता ही म्हणाली, “जोडलं का इंजिन?”

“जोडलं,” मी म्हणालो. “पण प्रवासी उठला.”

“कोण उठलं?” ती कुशीवर वळत म्हणाली. “मी कुठं झोपले होते?”