काकूंचं फ्रीजरपुराण

शेजारच्या काकूंकडे नवीन फ्रीज येतोय ही बातमी टेम्पो गल्लीत वळायच्या आधीच पोचली आणि संध्याकाळपर्यंत तिला पाय फुटले. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या सूनबाई म्हणाल्या, काकू मेस काढणार. समोरच्या माईंचं मत असं, की काकू आता महिन्यातून एकदाच रांधणार आणि बिचाऱ्या काकांना रोज तेच वाढणार. शेवटी इस्त्रीवाल्याने खुलासा केला: फ्रीज नव्हेच, आडवा डीप फ्रीजर आहे, आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला, फक्त आकाराने लहान. मग तर संशय आणखीच बळावला.

आमच्या नाशिकच्या या रो-हाउसची एक सोय आहे. मधली भिंत छातीएवढी आणि काकूंचा कढीपत्ता आमच्या बाजूला झुकलेला. चार पानं तोडायला गेलं की चौकशीही उरकते.

“काय काकू, मेसचे दर काय ठेवलेत?”

“आली वाटतं बातमी,” काकू पदर खोचत म्हणाल्या. “मेस कसली गं! लेकीकडून उचललेली खोड आहे.”

लेक न्यू जर्सीला. काकू तिच्या बाळंतपणाला जाऊन सहा महिने राहून आल्या. तिकडच्या मराठी घरांतून आई परत निघाली, की तिचे शेवटचे आठ दिवस फ्रीजर भरण्यातच जातात, हे आपण ऐकून असतो. पुरण, मोदकाचं सारण, वाटणं, सगळं डबेबंद. काकूंनीही भरला. पण त्यांना नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जावई आठला येणार म्हणून तिथे सातला कुकर चढत नसे. तो घरात आला, हातपाय धुतले, की उसळीची पिशवी बाहेर. नाही आला, तर पिशवी जागच्या जागी.

“टाकायला काही उरायचंच नाही गं! इथे मी जन्मभर सातला कुकर लावला आणि नऊला फोन, ‘मी जेवून येतोय.’ मग ती भाजी दुसऱ्या दिवशी मी खायची, तिसऱ्या दिवशी गायीला. आता गल्लीत गायही येत नाही.”

आता घंटागाडी येते. आमच्याकडे चिरंजीव साडेआठला मोबाइलवरून काहीतरी मागवतात, ह्यांची मीटिंग लांबते, आणि सकाळी ओल्या कचऱ्याची बादली त्या दादाच्या हातात देताना मी उगाच आभाळाकडे बघते.

“काकू, पेपरात आलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल. आपल्याकडे घराघरांतून माणशी वर्षाला 55 किलोच्या आसपास अन्न कचऱ्यात जातं म्हणे. जगाची सरासरी 79.”

“म्हणजे चौघांच्या घरात दोनशे वीस किलो?” काकूंचा हिशेब तोंडी असतो. “त्यात साली-देठं धरलीत का?”

“धरलीत.”

“मग जरा बरं. केळ्याच्या सालीचं पाप कशाला लावून घ्यायचं! पण त्यातलं निम्मं जरी शिजवलेलं असलं, तरी गॅस, तेल, खोबरं आणि माझे दोन तास, सगळंच गेलं की कचऱ्यात. मेथीची जुडी कुजली तर जुडीच कुजते. केलेली भाजी टाकताना जीव जास्त जळतो तो यासाठी.”

बोलता बोलता काकू आत गेल्या आणि भिंतीवर एक पिशवी आणून आपटली. ठक्क! बोटाएवढी जाड, सपाट, चौकोनी. आत मटकीची उसळ, दगड झालेली. वर पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनाने काकूंच्या शाळामास्तरी अक्षरात: मटकी, तिघांची, गूळ नाही, 12 मे.

“‘गूळ नाही’ हे काय?”

“फोडणी, गूळ, कोथिंबीर, ओलं खोबरं, हे सगळं काढल्यावर. लसूण गोठवली की उग्र लागते, लवंगही चढते. म्हणून मी नुसती मटकी वाटणात शिजवून ठेवते. वाढायच्या वेळी कढईत हिंग-मोहरी तडतडली, त्यात ही सोडली, रटरट उकळी आली, की कोण म्हणेल रविवारची? काका तर म्हणतात, ‘बघ, ताज्याची चवच वेगळी.’ मी गप्प.”

म्हणजे काका, ज्यांनी लग्नात ‘फ्रीजमधलं खाणार नाही’ अशी अट घातली होती असं सगळी गल्ली सांगते, ते गेला महिनाभर फ्रीजरमधलं खाताहेत! ही बातमी एवढी मोठी होती की मला ती पोटात ठेवणं कठीणच गेलं. तेवढ्यात माई देवळातून परत येत होत्या. थांबल्याच.

“शिळं ते शिळंच,” पिशवी बघून माई म्हणाल्या. “गीतेच्या सतराव्या अध्यायात काय सांगितलंय? प्रहर उलटलेलं अन्न तामसी.”

“माई, मग आपण शिळासप्तमीला काय खातो हो? आदल्या दिवशीचंच ना, तेही देवीच्या नावाने? आणि होळीची पुरणपोळी दुसऱ्या दिवशी दुधात बुडवून कोण मागून घेतं?”

माईंनी विषय दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीकडे वळवला. मला विचाराल तर गीतेचा काळ फ्रीजरच्या आधीचा, हे माईंनाही ठाऊक आहे. अन्न शिळं होतं म्हणजे त्यात जिवाणू वाढतात. उणे 18 अंशांवर ती वाढ थांबते, एवढंच. जिवाणू मरत मात्र नाहीत, निजून राहतात. म्हणून आत जाताना अन्न कसं गेलं यावर सगळं असतं, आणि इथेच काकू भलत्या कडक.

शिजवलेलं पातेलं ओट्यावर निवत ठेवून मालिका बघायला बसायचं, हे त्यांना चालत नाही. मोठ्या परातीत गार पाणी, त्यात पसरट भांडं, वर पंखा. दोन तासांच्या आत सगळं पिशव्यांत भरून आत. भाताला तेवढीही सवलत नाही. भातातल्या एका जिवाणूची बीजं शिजवतानाही मरत नाहीत, आणि भात उबदार राहिला की ती जागी होऊन विष तयार करतात. ते मग कितीही गरम केलं तरी जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देणं हा आपल्याकडचा नाश्ता. काकूंनी तो बंद केला. फोडणीचा भात होतो, पण रात्रीच डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचा.

“आणि पातळ काही असलं तर बोटभर जागा सोडायची. गोठताना पाणी फुगतं. पिशव्या आधी ताटात आडव्या ठेवायच्या, गोठल्या की वह्यांसारख्या उभ्या. चपट्या असल्या की गोठतातही लवकर, सुटतातही लवकर. गार पाण्यात टाकली की अर्ध्या तासाच्या आत मोकळी, मग लगेच गॅसवर. डब्यातला गोळा असला तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. ओट्यावर नाही. आणि एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही.”

“बटाट्याची भाजी?”

“नाव काढू नकोस! पाणचट चोथा होतो. हळूहळू गोठलं की बर्फाचे मोठे खडे होतात, ते बटाट्याच्या पेशी फोडतात आणि सुटल्यावर सगळं पाणी बाहेर. पावभाजीचा चालतो, तो ठेचलेलाच असतो. कढी फुटते. उकडलेल्या अंड्याचं रबर होतं. साबुदाणा खिचडी, भजी, कोशिंबीर, यांना त्या दारातून आतच घ्यायचं नाही. कडधान्यं मात्र सोशीक. हरभरे, राजमा, छोले, चवळी, पुरण, कटाची आमटी, कांदा-खोबऱ्याचं वाटण, खवलेलं ओलं खोबरं. दोन-तीन महिने चवीला हू की चू नाही.”

“पोळ्या?”

“लेक करते, अर्ध्या भाजून, मध्ये बटर पेपर घालून. मी नाही करत. पोळी तव्यावरचीच.” यात काकूंचा तर्क नाही, हट्ट आहे, आणि मला तो मान्य आहे.

टोमॅटो मात्र फ्रीजरमध्ये जातात. आमच्या जिल्ह्यात कधी भाव असा पडतो की शेतकरी क्रेट रस्त्यावर ओततात, तर कधी जुलै 2023 सारखा किलोला दीडशेच्या वर जातो. काकू स्वस्ताईत क्रेटच घेतात, शिजवून, गाळून, बर्फाच्या ट्रेमध्ये ओततात. हिवाळ्यात मटारचंही तेच: सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, कोरडे करून आत.

“पण काकू, फ्रीजर तर सगळ्यांकडेच असतो. कोपऱ्यावरच्या सूनबाईंचा तर बंद होत नाही, इतका भरलाय.”

काकूंनी आवाज उतरवला. “तोच तर घोळ आहे. ती उरलेलं ढकलते. वाटीभर भाजी, दोन फोडी पनीर, तिसऱ्या दिवशी कंटाळा आला की चौथ्या दिवशी फ्रीजरमध्ये. नाव नाही, तारीख नाही. मग दिवाळीला साफसफाई आणि सगळं एकदम घंटागाडीत. कचरा तेवढाच झाला, फक्त चार महिने विजेचं बिल भरून सांभाळला.”

सूनबाईंविषयी हे जरा जास्तच झालं, पण मुद्दा बिनतोड. उरल्यावर फ्रीजरमध्ये जातं ते बहुतेक कुणालाच नको असलेलं अन्न असतं. काकू उरायच्या आधी ठेवतात, चांगल्या चवीचं असतानाच, आणि रोजचा अंदाज बांधायचंच सोडून देतात. आपला स्वयंपाक मुळात सगळे घरी असणार असं धरून चालतो, वर ‘कुणी आलंच तर’ म्हणून एक माणूस जास्त. एके काळी ते खरं होतं. आता कोण कुठे जेवणार हे रात्री आठलाही ठरलेलं नसतं, आणि आलाच पाहुणा तर तो डाएटवर. काकू आता आधी माणसं मोजतात, मग पिशव्या काढतात. पाहुण्याचा वाटा आत गोठलेलाच असतो, त्याला घाई नाही.

“आणि लाईट गेली म्हणजे? गुरुवारी तर हमखास जाते आपल्याकडे.”

“झाकण उघडायचं नाही, बस. गच्च भरलेला असला तर दोन दिवस धरतो, अर्धा असला तर एक. आणि आपण गावाला गेलो असताना गेली, तर कळायला हे.” काकूंनी बोटांनी वाटी दाखवली. वाटीभर पाणी गोठवायचं, वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर माल खा. तळाला गेलेलं असेल, तर मध्ये सगळं सुटून परत गोठलंय, टाकून द्या. नशिबाने अजून तळाला गेलेलं नाही.

वेगळा फ्रीजर हवाच का, याचं उत्तर मात्र काकूंनी चुकवलं. माझ्या मते नको. दोन-चार माणसांना फ्रीजचा वरचा कप्पा पुरतो. फक्त त्यातल्या तीन बर्फाच्या ट्रे, मागच्या वर्षीचं आइस्क्रीम आणि आइसपॅक आधी बाहेर काढावे लागतात. काकूंच्या फ्रीजरचं खरं कारण माईंनी नंतर मला गेटाशी गाठून सांगितलं: लेक आणि जावई दिवाळीला महिनाभर येताहेत. म्हणजे आत्तापासून तयारी! हे काकू मला बोलल्या नाहीत, याची मी नोंद घेतली आहे.

पण शेजारी शेजाऱ्याच्या ठिकाणी आणि व्यवहार व्यवहाराच्या.

“काकू, एक टोपली भाड्याने मिळेल का? धाकटे दीर देवगडहून पेटी पाठवताहेत. रस काढून ठेवीन म्हणते.”

“भाडं काय देशील?”

“चार आंबे.”

“सहा. आणि पिशवीवर नाव-तारीख तू घालायचीस. तुझ्या त्या काचेच्या बरण्या आणशील तर आधीच सांगते, फुटली तर सगळा फ्रीजर तू धुऊन द्यायचास.”

“पाच.”

“पाच, आणि त्यातला एक काकांना दाखवायचा नाही.”