हिंगोली जिल्ह्यातील समस्त दाजींस अनावृत पत्र

श्री. रा. रा. दाजी यांस,
मुक्काम पोस्ट हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, तसेच या पाचही तालुक्यांतले यच्चयावत आखाडे

धाकट्या मेहुणीचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमच्या ताईच्या शेगडीपासून गॅसच्या टाकीपर्यंत जी नारिंगी नळी जाते, तिला तुम्ही लग्नापासून आजवर एकदाही हात लावलेला नाही. याबद्दल समस्त सासुरवाडीतर्फे तुमचं जाहीर अभिनंदन. हा संयम साधा नव्हे. मोटार जळाली की तुम्ही ती उघडता, स्टार्टर बिघडला की स्टार्टर उघडता, फवारणीचा पंप तर चांगला चालत असला तरी उघडता. घरात एवढी एक नळीच तुमच्या हातून सुटली.

ती सुटली कशी, याचं आम्हाला कोडं आहे. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी घरात आली की तुम्ही तिचं लेबल पोथीसारखं वाचता. लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणक्षमता. सत्तर टक्के लिहिलं असलं तरी कंपनीवर विश्वास न ठेवता ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून स्वतः कोंब मोजता. तीच नजर जरा शेगडीमागे वळली असती तर दिसलं असतं की नळीवरही लेबल असतं. आयएसआयची खूण, 9573 हा मानकाचा आकडा, बनवल्याचं साल. पोलादी तारेचा थर असलेल्या या नळीचं आयुष्य पाच वर्षांचं. त्यानंतर ती बाहेरून कितीही टवटवीत दिसली तरी रबर आतून कडक होत जातं, वाकेल तिथं चिरतं आणि दोन्ही टोकांना सैल पडतं.

पाच वर्षं लक्षात ठेवणं अवघड जातं, हे मान्य. म्हणून जावयाला सोयीचं पंचांग सांगते. 2020 साली अधिक आश्विन आला, तेव्हा तुम्हाला धोंड्याचं जेवण झालं. 2023 ला अधिक श्रावण आला, पुन्हा वाण झालं, अनारसे झाले. 2026 चा अधिक ज्येष्ठ हा तिसरा. पहिल्या धोंड्याला बसवलेली नळी तिसऱ्या धोंड्याच्या आतच बाद होते. धोंडा कधी येतो, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही, असा अनुभव आहे.

आता वजनाचं बोलू. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजार समितीत ती हळद घेऊन उभे राहणारे तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून नामांकित आहात. काट्यावर पोतं चढलं की तुम्ही मापाड्याच्या मानेवरून वाकून आकडा बघता. कडता किलोभर जास्त धरला तर अर्धा बाजार गोळा होईल एवढा आवाज चढवता. तो आवाज ऐकून आम्हाला ताईच्या नशिबाचा अभिमान वाटतो. मग दारात टाकी येते. पोरगा ती दाणकन आपटतो, तुम्ही पैसे मोजता आणि तो जातो. काटा नाही, प्रश्न नाही. टाकीच्या वरच्या कड्याला ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. त्यात 14.2 किलो मिळवा. पट्टीवर 15.8 असेल तर काट्यावर 30 भरायला हवेत. मागितलं की तुमच्यासमोर वजन करून देणं आणि तोंडाशी गळती नाही ना, हे तपासून दाखवणं, हे टाकी पोचवणाऱ्याचं कामच आहे. पण ते मागायचं असतं. बाजार समितीत मागता तसं.

तिथंच बाजूच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंतच त्या टाकीची चाचणी ग्राह्य. मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करायची. आणि तोंडावरची ती प्लास्टिकची टोपी, पांढऱ्या दोरीनं बांधलेली, जी टाकी येताच तोडून फेकली जाते आणि अंगणात पोरांच्या खेळात जाते? ती शोभेसाठी दिलेली नसते. रेग्युलेटर काढल्यावर तोंडातून गॅस येतच राहिला तर तीच टोपी दाबून बसवायची असते. तुमच्याकडची सध्या कोणत्या भाच्याकडे आहे, तेवढं विचारून ठेवा.

कागदोपत्री पाहिलं तर यातलं बरंचसं आमच्या ताईच्या नावावर आहे. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला उत्तर प्रदेशातल्या बलियातून सुरू झाली. (आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला तोही 1 मे रोजीच, 1999 साली. तारीख चांगली दिसते.) योजनेचा नियमच असा की जोडणी घरातल्या बाईच्या नावानं. त्यामुळे पुस्तक ताईचं, फोटो ताईचा, अंगठा ताईचा. मोबाईल नंबर मात्र तुमचा. टाकी आली की पोरगा सांकेतिक आकडा मागतो, तो तुमच्या फोनवर येतो आणि तुम्ही असता चौकात. गॅस तिच्या नावावर, धोका तिच्या वाट्याला आणि कारभार तुमच्या खिशात, अशी ही वाटणी आहे. भावकीच्या वाटणीत एक धुरा इकडचा तिकडे झाला तर तुम्ही मोजणी मागवता. इथं काही हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

घरकुल बांधलंत, छान झालं. ओसरीला फरशी, दर्शनी भिंतीला टाइल्स, फाटकावर नाव. स्वयंपाकघरात ओटा तेवढा राहिला. ताईला बसूनच भाकरी थापायची सवय आहे, हे तुमचं म्हणणं खरं आहे. परातीपुढं बसून तिचा हात चालतो तसा उभ्यानं चालत नाही. पण मग शेगडी खाली, टाकीही खाली, दोन्ही शेजारी शेजारी, आणि हाताच्या अंतरावर चूल, कारण चुलीवरच्या भाकरीची चव तुम्हालाच लागते. गॅस हवेपेक्षा जड असतो, दाजी. गळाला की वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो. वरचा झरोका उघडून तो जाणार नाही. त्याला दार हवं. तो पसरत पसरत निखाऱ्यापर्यंत गेला की पुढं काय होतं, ते विचारायला कुणी उरेल याची खात्री नाही. म्हणून शेगडी टाकीपेक्षा उंचावर हवी, टाकी नेहमी उभी आणि मोकळ्या जागेत हवी, आणि चूल पेटवायची तर ती दुसऱ्या जागी. पऱ्हाटी-तुराट्यांचा भारा टाकीला टेकवून ठेवण्यात जागेची बचत होते, हे तुमचं गणित बरोबर आहे. बाकीचं चुकलंय.

ओटा लगेच होणार नसेल तर भक्कम लाकडी टेबल तरी आणा. तेवढ्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

टाकी संपत आली की तुमचं एक खास कौशल्य दिसतं, त्याचाही गौरव व्हायला हवा. ज्योत बारीक झाली की तुम्ही टाकी आडवी पाडता, हलवता, थंडीत तर गरम पाण्याच्या घमेल्यात बसवता. मग दोन चहा होतात आणि तुम्ही मिशीला हात लावता. टाकीत गॅस पातळ असतो, वर जी वाफ साठते ती शेगडीत येते. रेग्युलेटर त्या वाफेसाठी बनवलेला. टाकी आडवी केली की त्यात थेट पातळ गॅस शिरतो, आणि एक लिटर पातळ गॅसची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. दोन चहांसाठी एवढी वाफ अंगावर घेणारा पुरुष दुसऱ्या कुठल्या सासुरवाडीला मिळाला असेल, असं वाटत नाही.

गळती तपासायची तुमची पद्धत तर शाळेत शिकवावी, म्हणजे पोरांना काय करू नये ते कळेल. नळीच्या टोकाशी पेटती काडी धरायची. पेटलं तर गळती, नाही पेटलं तर सगळं ठीक. हे काम साबणाचा फेस करतो. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून जोडावर लावा, बुडबुडा फुगला तर गळती. काडी नको, लायटर नको.

गॅसला स्वतःचा वास नसतो. जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा, माणसाला कळावं म्हणून. औंढ्याजवळ दुधाळ्याला 2600 कोटींची लायगो वेधशाळा उभी राहते आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरं आदळली तरी तिथल्या यंत्राला ते कळणार आहे. आपल्या स्वयंपाकघरासाठी नाक पुरतं. पण नाकानं खबर दिल्यावर तुम्ही काय करता? दारातून ओरडता, "लाईट लाव गं, बघू!" त्याच बटणाची ठिणगी पुरेशी असते. बटण चालूही करायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. पंखा लावून वास घालवायचा नाही. देवापुढचा दिवा, चूल, उदबत्ती विझवायची, शेगडीची खुंटी आणि रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या. रेग्युलेटर बंद करूनही सूं सूं थांबत नसेल तर तो काढून टोपी दाबायची. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि बाहेर गेल्यावर 1906 ला फोन करायचा. हा क्रमांक दिवस-रात्र चालतो. आणि एरवीही, रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. तो बंद करायला उठणारा माणूस दरवेळी ताईच असावी, असा कुठलाही सरकारी आदेश आमच्या पाहण्यात नाही.

कुणी भाजलंच तर नळाखाली थंड पाणी, किमान वीस मिनिटं, मग दवाखाना. पेस्ट नको, तेल नको, हळदही नको. हळद मोंढ्यात न्या.

आखाड्यावर हळद शिजवायचे दिवस आले की टाकी मोटारसायकलवर आडवी टाकून शेतात जाते. मजुरांचा चहा तिच्यावर, मटणाचा बेतही तिच्यावर. कधी गावातल्या कार्यात आचाऱ्याकडे जाते, तर कधी कुणाच्या छोट्या टाकीत नळी लावून ओतलीही जाते. घरगुती गॅसचा असा वापर बेकायदा आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. विम्याचं मात्र ठाऊक नसावं. तेल कंपन्यांनी काढलेल्या विम्यातून गॅसच्या अपघातात माणूस गेला तर 6 लाख, उपचारांना माणशी 2 लाखांपर्यंत आणि घराच्या नुकसानीला 2 लाखांपर्यंत मिळू शकतात. ग्राहकाला हप्ता भरावा लागत नाही. पण नुकसानीची भरपाई नोंदवलेल्या पत्त्यावरच. आखाड्यावर नाही. पीकविम्याच्या रकमेसाठी तुम्ही कृषी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, पण हा विमा तुमच्या घरी आधीपासून आहे, हे तुम्हाला मेहुणीनं सांगावं?

बर्नरबद्दल थोडक्यात. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, भांडी काळी व्हायला लागली की तो ताईच्या घासण्याचा दोष नसतो. उतू गेलेल्या दुधानं भोकं बुजलेली असतात. गार झाल्यावर बर्नर काढून टाचणीनं भोकं मोकळी करा, धुवा, पूर्ण वाळवून बसवा. आतल्या जेटमध्ये मात्र तार खुपसू नका, ते काम मेकॅनिकचं. मेकॅनिकही एजन्सीचा, ओळखपत्र पाहून. "कंपनीकडून आलोय" म्हणत दारोदार फिरणारे पिशवीवाले तुम्ही शेतात असतानाच येतात, हे लक्षात घ्या.

दर पाच वर्षांनी जोडणीची तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. मध्यंतरी तेल कंपन्यांनी मोफत तपासणीची मोहीम काढली, देशभरात 12 कोटींहून जास्त घरं तपासली आणि 4 कोटींहून जास्त नळ्या सवलतीत बदलल्या. म्हणजे साधारण दर तिसऱ्या घरात नळी बदलावी लागली. तेव्हा दाजी, तुम्ही एकटे नाही. तुमच्यासारखे दाजी देशभर पसरलेले आहेत.

या पत्राचा राग आला असेल तर तो आमच्यावर काढा, ताईवर नको. तिनं आम्हाला काही सांगितलेलं नाही. तिच्या डोळ्यांदेखत नळीला चीर गेलेली असेल तरी ती सांगायची नाही, कारण "नळी आणा" म्हटलं की "काल तर पैसे दिले होते" हे उत्तर तिला पाठ आहे. नळीची किंमत तुमच्या फोनच्या काचेवर लावलेल्या संरक्षक काचेच्या आसपास आहे. ती काच तुम्ही वर्षात किती वेळा बदलली, ते इथं लिहीत नाही.

तर विनंती एवढीच. यंदा धोंड्याला येताना अनारशांची वाट पाहत हात हलवत येऊ नका. एजन्सीतून दीड मीटरची आयएसआय खुणेची नळी घ्या, पावती घ्या, आणि जुनी काढून नवी बसवताना ताईला शेजारी उभं करून कसं बसवतात ते दाखवा. गॅस तिच्या नावावर आहे, तिला येऊ द्या. ओटीपीचा नंबरही तिचा करून टाका.

आणि हे पत्र खाली ठेवलंत की आधी उठा, नळीवरचं साल वाचा आणि मला फोन करून सांगा.

कळावे, लोभ असावा, तो आहेच.

आपली,
धाकटी मेहुणी